गवंड्याच्या हातची सनद

वकिलाने सनद घेतल्याखेरीज कोर्टात उभे राहू नये, हे आपल्याकडे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. इंजिनिअरलाही सनद असते, ही गोष्ट मात्र तितकीशी परिचित नाही. काही इंजिनिअरांच्या नावाच्या पाटीवर ‘चार्टर्ड’ हे विशेषण आढळते. त्याचे मूळ लंडनच्या इन्स्टिट्यूशन ऑफ सिव्हिल इंजिनिअर्स या संस्थेला ३ जून १८२८ रोजी मिळालेल्या राजसनदेत आहे. त्या वेळी संस्थेच्या अध्यक्षपदी असलेल्या वृद्ध गृहस्थाने स्वतः कोणत्याही महाविद्यालयाची पायरी चढलेली नव्हती. टॉमस टेलफर्ड हे त्याचे नाव.

स्कॉटलंडच्या दक्षिणेस एस्कडेल नावाचे खोरे आहे. तेथे ९ ऑगस्ट १७५७ रोजी एका मेंढपाळाच्या घरी टेलफर्डचा जन्म झाला आणि त्याच वर्षी त्याचे पितृछत्र हरपले. आईने कष्ट करून मुलाला वाढविले. गावच्या शाळेतील लिहिणे-वाचणे आटोपताच त्याची रवानगी गवंड्याच्या हाताखाली झाली. खोऱ्यातील मिस पास्ली या सुखवस्तू बाईंनी आपल्या कपाटातील पुस्तके या पोराला वाचावयास दिली. त्याचे खरे विद्यापीठ तेच. १७८० मध्ये तो एडिंबरोला गेला, १७८२ मध्ये लंडनला. तेथे सॉमरसेट हाऊसच्या बांधकामावर त्याने छिन्नी-हातोडा चालविला. पुढे पोर्ट्समथच्या गोदीत देखरेखीचे काम करीत असताना चुना का धरतो व केव्हा सुटतो हे समजून घेण्यासाठी तो रसायनशास्त्राची पुस्तके घेऊन बसे.

अशी धडपड करणारे गवंडी त्या काळी इंग्लंडात आणखीही असतील. टेलफर्डच्या वाट्याला एक गोष्ट अधिक आली. त्याच्याच खोऱ्यातून वर आलेले, विवाहामुळे अपार संपत्तीचे धनी झालेले विल्यम पुल्टनी हे पार्लमेंटचे सभासद त्याच्यावर प्रसन्न झाले. त्यांच्यामुळे तो श्रूजबरीस आला आणि श्रॉपशायर परगण्याच्या सार्वजनिक कामांचा सर्व्हेअर झाला. कर्तृत्व त्याचे होते, पण दार उघडले ते आश्रयदात्याने.

श्रूजबरीतील सेंट चॅड हे जुने चर्च गळत होते, म्हणून १७८८ मध्ये त्याला छप्पर पाहण्यास बोलाविले. त्याने छपराऐवजी भिंतींच्या भेगा पाहिल्या आणि खांबांशेजारी खणलेल्या थडग्यांमुळे पाया पोखरला गेला आहे, तेव्हा आधी तो सावरा, असे विश्वस्तांना स्पष्ट सांगितले. गवंडी स्वतःसाठी काम काढतो आहे, असा त्यांनी समज करून घेतला. त्यानंतर काही दिवसांतच मनोरा कोसळला आणि चर्चही त्याबरोबर गेले. निदान अचूक होते. परंतु ते करणाऱ्याच्या शब्दाला वजन यावे असे त्याच्यापाशी काहीच नव्हते. स्वतःला इंजिनिअर म्हणविणाऱ्या कोणाही माणसापाशी त्या काळी ते नव्हते. जाणता आणि भोंदू यांत फरक करावयाचा कसा, याचे उत्तर बहुधा इमारत पडल्यावरच मिळे.

पुढील कीर्ती सर्वपरिचित आहे. वेल्समधील डी नदीच्या खोऱ्यावरून कालवा नेणारा पाँटकिसिल्टेचा जलसेतू १८०५ मध्ये पुरा झाला: लांबी १००७ फूट, उंची १२६ फूट, दगडी खांबांवर ओतीव लोखंडाची पन्हळ. या कामावर त्याचा वरिष्ठ असलेल्या विल्यम जेसपचे ऋण त्याने आत्मचरित्रात पुरेसे मान्य केले नाही, हा डाग मात्र राहिलाच. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात त्याने शेकडो मैल रस्ते आणि हजाराहून अधिक पूल बांधविले. कॅलिडोनियन कालवा १८२२ मध्ये खुला झाला खरा, पण खर्च आणि मुदत दोन्ही ओलांडून, आणि तोवर जहाजेच मोठी होऊ लागली होती. १८२६ मध्ये मेनाय सामुद्रधुनीवर ५७९ फुटी गाळ्याचा झुलता पूल उभा राहिला. त्याच्या साखळ्यांचे लोखंड आधी ताणून तपासल्यावाचून वर चढविले गेले नाही.

दरम्यान, जानेवारी १८१८ मध्ये लंडनच्या एका कॉफीगृहात काही तरुण इंजिनिअर एकत्र आले. स्मीटन आदी नामांकितांनी १७७१ मध्ये काढलेले मंडळ होते. पण ते प्रतिष्ठितांच्या भोजनाचे. शिकाऊ तरुणांना तेथे जागा नव्हती. या तरुणांची नवी संस्था दोन वर्षे कशीबशी चालली. १८२० मध्ये त्यांनी ६२ वर्षांच्या टेलफर्डला अध्यक्ष होण्याची विनंती केली. त्याने पद स्वीकारले आणि शोभेपुरते ठेवले नाही. नव्या सभासदाने स्वतःच्या कामावर निबंध वा नकाशा सादर करावा, सभेतील चर्चेची नोंद राहावी, संस्थेचा ग्रंथसंग्रह व्हावा, यांवर त्याचा कटाक्ष होता. सनदेसाठी व्यवसायाची व्याख्या ट्रेडगोल्डने लिहून दिली. निसर्गातील महाशक्तींना माणसाच्या उपयोगासाठी वळण लावण्याची कला, असा तिचा आशय होता. पुल्टनींसारखा पाठीराखा नसलेल्या होतकरू पोराला आपली लायकी सिद्ध करण्यासाठी आता एक जागा मिळाली.

टेलफर्ड २ सप्टेंबर १८३४ रोजी वारला. अविवाहित होता. आपल्या संपत्तीतील एक वाटा त्याने संस्थेला ठेवला. त्यातून उत्तम निबंधांना पारितोषिके दिली जाऊ लागली. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस संस्थेने प्रवेशासाठी लेखी परीक्षा सुरू केली. एस्कडेलचा गवंडी तिला बसला असता तर काय झाले असते, हा प्रश्न गमतीचा नाही. तथापि नुसत्या परीक्षेवर वा पदवीवर तेथे भागत नाही. जाणत्यांच्या देखरेखीखाली प्रत्यक्ष काम आणि त्याची समव्यावसायिकांपुढे झडती, ही अट आजही कायम आहे. भारतात १९२० मध्ये स्थापन झालेल्या इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्सला १९३५ मध्ये राजसनद मिळाली. दिवसा साइटवर किंवा कचेरीत राबून रात्री अभ्यास करणाऱ्या कित्येक डिप्लोमाधारकांनी याच संस्थेच्या एएमआयई परीक्षेच्या वाटेने इंजिनिअरपद गाठले.