जन्मस्वतंत्र जॉन

अन्यायी सत्तेविरुद्ध उभे राहावयास धैर्य लागते. परंतु तीच सत्ता आपल्या मित्रांच्या हाती आली असता तिचा अन्याय दाखवून देण्यास त्याहूनही मोठे धैर्य लागते. परक्याशी झुंजणाऱ्याच्या पाठीशी स्वकीय असतात. स्वकीयांशी झुंजणारा बहुधा एकटा पडतो. हा एकटेपणा जाणूनबुजून पत्करणारा एक पुरुष सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये होऊन गेला. त्याचे नाव जॉन लिलबर्न. राजाची, पार्लमेंटची आणि क्रॉमवेलची अशा तीन राजवटी त्याने पाहिल्या, आणि तिन्ही राजवटींनी त्याला बंदिवासात टाकले.

जॉनचा जन्म इ. स. १६१४ च्या सुमारास झाला. त्याचे घराणे उत्तर इंग्लंडमधील डरहॅम परगण्यातले. घरी जमीनजुमला होता. पण त्या देशाच्या रिवाजाप्रमाणे तो थोरल्या मुलाकडे जावयाचा. म्हणून धाकट्या जॉनला लंडनमधील एका कापडव्यापाऱ्याकडे उमेदवारीसाठी ठेवण्यात आले. दुकानात काम नसे तेव्हा हा तरुण बायबल, इतिहास आणि धर्मविषयक ग्रंथ वाचीत बसे.

त्या वेळी पहिला चार्ल्स हा इंग्लंडचा राजा होता. १६२९ मध्ये पार्लमेंट बरखास्त करून त्याने एकतंत्री कारभार चालविला होता. प्रजेने कोणत्या पद्धतीने प्रार्थना करावी आणि कोणते पुस्तक वाचावे, हेसुद्धा सरकार ठरवीत असे. १६३७ मध्ये एक हुकूम निघाला. त्यान्वये लंडनमधील छापखानेवाल्यांची संख्या वीसवर आणण्यात आली आणि परवान्यावाचून काहीही छापणे हा गुन्हा ठरला. हा हुकूम काढणारे न्यायालय स्टार चेंबर या नावाने कुप्रसिद्ध होते. तेथे ज्यूरी नसे; राजाचे मंत्रीच न्यायाधीश होऊन बसत. त्याच वर्षी प्रिन नावाचा वकील, बॅस्टविक नावाचा वैद्य आणि बर्टन नावाचा धर्मोपदेशक या तिघांचे कान केवळ लेखनाच्या अपराधाबद्दल या न्यायालयाने कापविले.

यांपैकी बॅस्टविकशी लिलबर्नचा परिचय होता. त्याची पुस्तके हॉलंडमध्ये छापवून चोरून इंग्लंडात आणली, असा आरोप ठेवून १६३७ च्या डिसेंबरात लिलबर्नला पकडण्यात आले. स्टार चेंबरपुढे येणाऱ्या आरोपीला प्रथम एक शपथ घ्यावी लागे. आपल्याला जे जे विचारले जाईल त्याचे खरे उत्तर देईन, अशी ती शपथ होती. आणि काय विचारले जाणार, हे मात्र आधी सांगितले जात नसे. आरोपीची अवस्था इकडे आड तिकडे विहीर अशी होई. खरे सांगावे तर स्वतःच्या तोंडाने स्वतःला दोषी ठरवावयाचे, आणि खोटे सांगावे तर शपथभंगाचे पाप माथी घ्यावयाचे. तेविशीच्या आसपासच्या या उमेदवाराने ती शपथ घेण्यास साफ नकार दिला. स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती कोणावरही करता येणार नाही, या मुद्द्यावर तो अखेरपर्यंत अढळ राहिला.

त्याला पाचशे पौंड दंड आणि फटक्यांची शिक्षा झाली. १८ एप्रिल १६३८ रोजी गाडीच्या मागे बांधून, उघड्या पाठीवर आसूड ओढीत, त्याला फ्लीट तुरुंगापासून वेस्टमिन्स्टरपर्यंत चालविण्यात आले. तेथे त्याची मान खोड्यात अडकविण्यात आली. पाठ रक्तबंबाळ झालेली असतानाही तो जमलेल्या लोकांना आपल्यावरील अन्यायाची हकीकत सांगू लागला आणि खिशातील पुस्तिका काढून गर्दीत फेकू लागला. अखेर अधिकाऱ्यांनी त्याच्या तोंडात बोळा कोंबला. तेव्हा, बोलता येत नाही म्हणून, तो पाय आपटीत राहिला! पुढे अडीच वर्षे त्याने तुरुंगात काढली. स्वतंत्र जन्मलेल्या माणसाचे हक्क कोणी हिरावून घेऊ शकत नाही, असे तो पुनःपुन्हा सांगत असल्यामुळे लोक त्याला जन्मस्वतंत्र जॉन म्हणू लागले.

१६४० च्या नोव्हेंबरात राजाला पार्लमेंट बोलावणे भाग पडले. नव्या सभागृहात लिलबर्नच्या सुटकेसाठी एका सभासदाने आवेशाने भाषण केले. त्या सभासदाचे नाव ऑलिव्हर क्रॉमवेल. लिलबर्न सुटला आणि १६४१ मध्ये पार्लमेंटने स्टार चेंबरच मोडून टाकले. पुढच्याच वर्षी राजा आणि पार्लमेंट यांच्यात यादवी युद्ध पेटले. भाऊ भावाविरुद्ध आणि गाव गावाविरुद्ध उभे राहिले. लिलबर्न पार्लमेंटच्या सैन्यात दाखल झाला. ब्रेंटफर्डच्या लढाईत तो राजपक्षाच्या हाती सापडला व ऑक्सफर्ड येथे त्याच्यावर राजद्रोहाचा खटला सुरू झाला. मृत्यूची शिक्षा समोर दिसत होती. त्या प्रसंगी त्याची पत्नी एलिझाबेथ हिने पार्लमेंटकडे धाव घेतली. लिलबर्नला मारल्यास आमच्या ताब्यातील राजपक्षीय कैद्यांचीही तीच गत होईल, असे इशारापत्र तिने मिळविले आणि गरोदर असतानाही युद्धाच्या धुमाळीतून ते स्वतः ऑक्सफर्डला पोहोचविले. लिलबर्नचा प्राण वाचला. पुढे कैद्यांच्या अदलाबदलीत तो सुटला आणि पराक्रमाच्या बळावर लेफ्टनंट कर्नलच्या हुद्द्यास चढला.

येथपर्यंतची कथा अनेक वीरांच्या कथांसारखीच आहे. लिलबर्नचे वेगळेपण पुढे दिसून येते.

ज्या पार्लमेंटने स्टार चेंबर मोडले, त्याच पार्लमेंटने १६४३ मध्ये ग्रंथांवर पुन्हा परवान्याचे बंधन घातले. कवी मिल्टन याने १६४४ मध्ये मुद्रणस्वातंत्र्यावरील आपला प्रसिद्ध निबंध लिहिला, तो याच बंधनाविरुद्ध. एका विशिष्ट धर्मपद्धतीशी एकनिष्ठ राहण्याचा करार सैन्यातील अधिकाऱ्यांकडून सक्तीने लिहून घेतला जाऊ लागला. त्यावर सही करण्यापेक्षा १६४५ मध्ये लिलबर्नने आपला हुद्दाच सोडला. सर्वांत खेदाची गोष्ट अशी, की राजाने ज्याचे कान कापविले होते तो प्रिनच आता भिन्न मताच्या लोकांना दडपून टाकण्याची मागणी करू लागला होता. लिलबर्नने या जुन्या सहकाऱ्याला उघड पत्र लिहून विरोध केला. राजाने लादलेली सक्ती जर जुलूम होता, तर पार्लमेंटने लादलेली सक्ती न्याय कशी ठरेल, असा त्याचा सवाल होता.

या सवालाचे उत्तर त्याला तुरुंगाच्या रूपाने मिळाले. १६४६ च्या प्रारंभी सरदारांच्या सभागृहाने स्टार चेंबरने त्याला दिलेली शिक्षा बेकायदेशीर ठरविली होती. त्याच सभागृहाने काही महिन्यांतच, एका उमरावावर टीका केल्याबद्दल, त्याला टॉवरच्या तुरुंगात डांबले. मॅग्ना कार्टाप्रमाणे सामान्य माणसाचा न्याय त्याच्या बरोबरीच्या माणसांनी करावयाचा असतो. सरदारांना तो अधिकार नाही, असे सांगून त्याने त्यांच्यापुढे गुडघे टेकण्यास नकार दिला होता.

टॉवरमध्ये असतानाही त्याची लेखणी थांबली नाही. त्याच्याभोवती एक पक्ष उभा राहिला. उच्चनीच भेद मोडून सर्व काही सपाट करणारे, या अर्थाने विरोधकांनी त्या पक्षाला लेव्हलर्स असे हिणवणीचे नाव ठेवले. १६४७ मध्ये या विचाराच्या लोकांनी व सैनिकांनी जनतेचा करारनामा नावाचा मसुदा पुढे आणला आणि पट्नी येथील चर्चमध्ये सेनापतींसमोर त्यावर चर्चा झाली. १ मे १६४९ रोजी लिलबर्नने व त्याच्या तीन सोबत्यांनी या करारनाम्याचा सुधारलेला मसुदा टॉवरमधून प्रसिद्ध केला. कायदा सर्वांना सारखा लागू असावा, धर्माच्या बाबतीत सक्ती नसावी, कोणालाही स्वतःविरुद्ध उत्तरे देण्यास भाग पाडू नये आणि ही तत्त्वे बदलण्याचा अधिकार पार्लमेंटलाही नसावा, असे त्यात म्हटले होते. त्यात उणिवाही होत्या. नोकर आणि भिक्षेवर जगणारे यांना त्यात मताधिकार नव्हता. स्त्रियांचा तर विचारच नव्हता. तरीही लोकांच्या प्रतिनिधींनासुद्धा मर्यादा असली पाहिजे, हा विचार त्या काळात फार पुढचा होता.

युद्धात राजपक्षाचा पराभव झाला. ३० जानेवारी १६४९ रोजी राजा चार्ल्सचा शिरच्छेद करण्यात आला. ज्या राजाच्या अमलात आपली पाठ सोलून निघाली, त्याच्या खटल्याने लिलबर्नला आनंद व्हावयास हवा होता. परंतु एका माणसासाठी खास न्यायालय निर्माण करून चालविलेला तो खटला त्याला मान्य नव्हता. राजाचा न्यायही नेहमीच्या कायद्यानेच झाला पाहिजे, असे त्याचे मत होते. कारण आज जे शस्त्र शत्रूवर चालते ते उद्या कोणावरही चालू शकते.

त्याची ही भीती लवकरच खरी ठरली. सत्ता सेनापतींच्या हाती एकवटली. जुन्या बेड्या जाऊन नव्या आल्या, अशा आशयाची पुस्तिका लिलबर्नने लिहिली. १६४९ च्या मार्चमध्ये तो व त्याचे तिघे सोबती पकडले गेले. आपल्याला बाहेर पाठविल्यावर क्रॉमवेल आतमध्ये मेजावर मूठ आपटून, या लोकांना चिरडलेच पाहिजे, असे ओरडत होता, हे दाराशी उभ्या असलेल्या लिलबर्नने ऐकले व पुढे लिहून ठेवले. आठ वर्षांपूर्वी ज्याने त्याच्या सुटकेसाठी आवाज उठविला होता, तोच हा क्रॉमवेल!

त्या उन्हाळ्यात एलिझाबेथ व मुले देवीच्या साथीत सापडली आणि लिलबर्नचे दोन पुत्र दगावले. त्या दुःखातच त्याला मृत्यूच्या खटल्याला तोंड द्यावे लागले. १६४९ च्या ऑक्टोबरात लंडनच्या गिल्डहॉलमध्ये राजद्रोहाचा खटला सुरू झाला. त्याला वकील नाकारण्यात आला. तेव्हा हातात कायद्याचे ग्रंथ घेऊन तो स्वतःच बोलू लागला. न्यायाधीशांकडे पाठ फिरवावी तसे करून त्याने आपले म्हणणे ज्यूरीतील बारा नागरिकांपुढे मांडले. तेच आपले खरे न्यायाधीश आहेत, असे त्याने ठासून सांगितले. ज्यूरीने त्याला निर्दोष ठरविले. सभागृह जयघोषाने दुमदुमले, रात्री रस्त्यारस्त्यांवर आनंदाच्या होळ्या पेटल्या आणि त्या बारा पंचांच्या स्मरणार्थ एक पदकही पाडण्यात आले.

लिलबर्न निर्दोष पुरुष नव्हता. तो तापट होता. टीका करताना त्याचा तोल सुटे. जगात तो एकटाच उरला तर त्याच्यातला जॉन हा लिलबर्नशी भांडेल, अशी त्या काळी थट्टा केली जाई. सर आर्थर हेसिलरिग या बलाढ्य पुढाऱ्यावर त्याने केलेल्या आरोपांमुळे पार्लमेंटने त्याला १६५२ मध्ये सात हजार पौंडांचा दंड केला आणि देशातून हद्दपार केले. परतल्यास मृत्यू, अशी आज्ञा होती. हे सारे न्यायालयापुढे खटला न चालविता झाले. १६५३ मध्ये क्रॉमवेलने ते पार्लमेंटच उधळून लावल्यावर लिलबर्न परत आला. त्याच्यावर पुन्हा प्राणांतिक खटला भरण्यात आला आणि पुन्हा ज्यूरीने त्याला मृत्यूच्या दाढेतून सोडविले.

सरकारने मात्र त्याला सोडले नाही. न्यायालयाने मुक्त केलेल्या माणसाला केवळ सत्तेच्या बळावर कोंडून ठेवण्यात आले. लंडनच्या न्यायालयांचे हुकूम सहजी पोहोचू नयेत म्हणून त्याला दूर जर्सी बेटावरील किल्ल्यात आणि नंतर डोव्हरच्या किल्ल्यात ठेवले. तेथे तो क्वेकर पंथाकडे वळला. या पंथाच्या शांतिवादामुळे त्याचा क्षुब्ध जीव काहीसा निवला. एलिझाबेथ सरकारदरबारी अर्ज करीतच होती. शेवटी कुटुंबाच्या भेटीसाठी त्याला अधूनमधून मोकळीक मिळू लागली. अशाच एका भेटीत, २९ ऑगस्ट १६५७ रोजी, एल्टम या गावी त्याचे निधन झाले. त्या वेळी त्याचे वय अवघे त्रेचाळीसच्या आसपास होते.

त्याच्या डोळ्यांदेखत त्याचा पक्ष मोडला आणि करारनामा कागदावरच राहिला. परंतु त्याने जिवापाड जपलेली तत्त्वे मेली नाहीत. १६९५ मध्ये इंग्लंडात पुस्तकांवरील परवान्याचा कायदा कायमचा संपला. १७९१ मध्ये स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करू नये, हे तत्त्व अमेरिकेच्या राज्यघटनेत दाखल झाले. १९६६ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने एका महत्त्वाच्या निकालात लिलबर्नच्या खटल्याचे स्मरण केले. १९५० पासून अमलात असलेल्या आपल्या भारतीय राज्यघटनेच्या विसाव्या अनुच्छेदातही हेच संरक्षण प्रत्येक आरोपीला दिलेले आहे. आसुडाचे फटके सोसणाऱ्या त्या तरुणाला ज्या देशाची ओळखही नव्हती, त्या देशातील गरिबातला गरीब माणूस आज या हक्काच्या आधारे न्यायासनापुढे ताठ उभा राहू शकतो.

देशात तट पडले म्हणजे प्रत्येक तटाला वाटते, की स्वातंत्र्य म्हणजे आपल्या बाजूचा विजय. विरोधकांचे तोंड बंद झाले तर त्यात काही गैर वाटत नाही. लिलबर्नचे जीवन या समजुतीला उत्तर देते. जो हक्क आपल्या शत्रूला नाकारला जातो, तो आपल्यापाशीही फार काळ टिकत नाही. म्हणून त्याने राजापाशी जे मागितले तेच मित्रांपाशी मागितले, आणि त्याची किंमत स्वतःच्या संसाराने चुकविली.