दोन देशांचा सेवक

पोटासाठी माणसे देश सोडून परमुलखात जातात. त्यांच्याबरोबर केवळ गाठोडे जात नाही, विचारही जातात. आणि तेथे लागलेल्या ठेचांतून नवे विचार जन्मास येतात. पांडुरंग सदाशिव खानखोजे यांचे चरित्र याची साक्ष देते.

खानखोजे मूळचे वर्ध्याचे. लोकमान्य टिळकांच्या विचारांनी ते तरुणपणीच भारावून गेले. देशाच्या मुक्तीसाठी युद्धशास्त्र शिकावे, या ध्यासाने ते जपानमार्गे अमेरिकेस गेले. तेथे लष्करी शिक्षणाबरोबर त्यांनी शेतीशास्त्राचाही अभ्यास केला.

त्या काळी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर पंजाबातून आलेले मजूर लाकडाच्या गिरण्यांत राबत असत. त्यांतील कित्येकांनी पूर्वी इंग्रजांच्या फौजेत चाकरी केली होती. परंतु परदेशी त्यांच्या वाट्यास तिरस्कारच आला. १९०७ साली बेलिंगहॅम गावी जमावाने हिंदी मजुरांना मारहाण करून हुसकून लावले. ज्यांचा देश परतंत्र, त्यांना जगात मान नाही, हे या कष्टकऱ्यांना उमगले. मजुरी मिळविण्यास आलेली माणसे स्वातंत्र्याचा विचार करू लागली.

खानखोजे त्यांच्यात मिसळले. १९१३ साली सोहनसिंग भकना, लाला हरदयाळ आदींनी संघटना उभारली. तीच गदर पक्ष म्हणून प्रसिद्धीस आली. खानखोजे तिच्या प्रमुख कार्यकर्त्यांपैकी एक होते. १९१४ साली महायुद्ध पेटताच अनेक गदरवीर उठावासाठी मायदेशी परतले. तो उठाव फसला आणि कित्येकांना फाशी झाली. खानखोजे इराणात इंग्रजांविरुद्ध लढले. आता त्यांना मायदेशाची दारे बंद झाली.

१९२४ साली ते मेक्सिकोस गेले. तेथे नुकतीच क्रांती होऊन गरीब शेतकऱ्यांना जमिनी मिळू लागल्या होत्या. उणीव होती ती ज्ञानाची. चापिंगो येथील राष्ट्रीय कृषिविद्यालयात खानखोजे अध्यापक झाले. मक्याच्या सुधारित जातींसाठी त्यांनी संशोधन केले आणि शेतकऱ्यांसाठी मोफत कृषिशाळा काढल्या. ज्या देशाने आसरा दिला, त्याचे ऋण त्यांनी असे फेडले.

भारत स्वतंत्र झाल्यानंतर ते नागपुरास येऊन राहिले. १९६७ साली त्यांचे निधन झाले. २०२२ साली चापिंगो येथे त्यांचा पुतळा उभारण्यात आला. परका म्हणून आलेल्या माणसास मेक्सिकोने आपला मानले. बंदूक आणि बियाणे ही दोन्ही खानखोजे यांनी एकाच हेतूने हाती घेतली : कष्ट करणाऱ्या माणसास ताठ मानेने जगता यावे.