सत्यजित राय : डोळसपणे चित्रपट पाहण्याची साधना

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कलकत्त्याच्या, म्हणजे आजच्या कोलकात्याच्या, चित्रपटगृहांत एक उंचापुरा तरुण नियमितपणे येत असे. पडद्यावर एक दृश्य कोठे तुटते आणि दुसरे कोठे जोडले जाते, कॅमेरा पात्राच्या जवळ केव्हा जातो, याची टिपणे तो अंधारातच, केवळ स्वतःला उमगतील अशा खुणांनी करीत असे. पोटापाण्यासाठी तो एका जाहिरात कंपनीत चित्रकार होता. पुढे जगातील श्रेष्ठ दिग्दर्शकांमध्ये गणले गेलेले सत्यजित राय ते हेच. चित्रपटाचे रीतसर शिक्षण त्यांना कोणत्याही संस्थेत मिळाले नाही. चित्रपट पाहणे, त्याची उकल करणे आणि त्याविषयी लिहिणे हीच त्यांची पाठशाळा होती.

सत्यजित राय यांचा जन्म २ मे १९२१ रोजी कलकत्त्यात झाला. आजोबा उपेंद्रकिशोर रायचौधुरी हे बालसाहित्यिक आणि मुद्रणतज्ज्ञ होते. ‘संदेश’ हे मुलांचे मासिक त्यांनीच १९१३ मध्ये सुरू केले. वडील सुकुमार राय यांच्या विनोदी कविता आजही बंगाली घराघरांत वाचल्या जातात. सत्यजित अडीच वर्षांचे असताना वडिलांचे निधन झाले आणि पुढे कुटुंबाचा छापखानाही बंद पडला. आई सुप्रभादेवी यांनी माहेरच्या आश्रयाने मुलाला वाढविले.

शाळकरी वयात पाहिलेल्या चित्रपटांची नोंद सत्यजित वहीत ठेवीत आणि त्यांना स्वतःच्या मताने गुण देत. आरंभी हे आकर्षण नटनट्यांचे होते. हळूहळू त्यांचे लक्ष पडद्यामागील माणसाकडे वळले. जॉन फोर्ड, फ्रँक काप्रा, अर्न्स्ट लुबिच, विल्यम वायलर यांच्या शैलींतील फरक ते ओळखू लागले. याच सुमारास त्यांना पाश्चात्त्य अभिजात संगीताचा छंद जडला. चित्रपटही संगीताप्रमाणे काळात उलगडतो आणि त्यालाही लय असते, ही जाण त्यातून पक्की झाली.

प्रेसिडेन्सी महाविद्यालयातून पदवी घेतल्यावर ते १९४० मध्ये शांतिनिकेतनच्या कलाभवनात दाखल झाले. तेथे नंदलाल बोस आणि विनोदबिहारी मुखर्जी यांनी त्यांना रेषेकडे आणि निसर्गाकडे पाहण्यास शिकविले. अजिंठा आणि वेरूळच्या लेण्यांचे दर्शनही त्यांना याच काळात घडले. ग्रंथालयात पॉल रोथा आणि रेमंड स्पॉटिसवुड यांची चित्रपटकलेवरील पुस्तके त्यांच्या हाती लागली. मात्र ‘सिटिझन केन’ कलकत्त्यात येऊन गेला तेव्हा ते शांतिनिकेतनात होते. ती चुकामूक त्यांच्या मनाला दीर्घकाळ लागून राहिली.

१९४३ मध्ये डी. जे. कीमर या ब्रिटिश जाहिरात कंपनीत त्यांना ८० रुपये महिना पगाराची नोकरी मिळाली. फावल्या वेळात त्यांनी एक अभ्यासपद्धती विकसित केली. एखाद्या कथेवर चित्रपट निघणार असल्याचे जाहीर झाले की ते त्या कथेची पटकथा आपल्या परीने लिहून ठेवीत. चित्रपट प्रदर्शित झाल्यावर दोन्हींची तुलना करीत. दिग्दर्शकाने काय गाळले, काय वाढविले आणि का, हे त्यामुळे स्पष्ट होत असे. आवडनिवड सांगणे आणि परीक्षण करणे यांतील अंतर त्यांनी अशा रीतीने ओलांडले.

१९४७ मध्ये चिदानंद दासगुप्ता आदी मित्रांसमवेत त्यांनी कलकत्ता फिल्म सोसायटी स्थापन केली. पहिला खेळ सर्गेई आयझेनस्टाइन यांच्या ‘बॅटलशिप पोटेम्किन’चा झाला. खेळानंतर चित्रपटावर चर्चा होई. पुढच्या वर्षी ‘द स्टेट्समन’ या दैनिकात राय यांनी भारतीय चित्रपटांतील उणिवांवर लेख लिहिला. या माध्यमाचे मर्म आपल्याकडे ओळखले गेलेले नाही, अमेरिकी चित्रपटांचे वरवरचे अनुकरण होते आणि भोवतालचे जीवन मात्र पडद्यावर येत नाही, असा त्याचा आशय होता.

दुसऱ्यांचे दोष दाखविणाऱ्या या तरुणाची स्वतःची कसोटीही लवकरच लागली. रवींद्रनाथांच्या ‘घरे बाइरे’ या कादंबरीवर त्यांनी पटकथा लिहिली होती. निर्मात्याने सुचविलेले बदल त्यांनी नाकारले आणि चित्रपट बारगळला. त्या वेळी त्यांना दुःख झाले. अनेक वर्षांनी तीच पटकथा वाचताना मात्र तिच्यातील कृत्रिमपणा त्यांना जाणवला आणि तो चित्रपट झाला नाही हेच बरे झाले, असे त्यांनी मोकळेपणाने मान्य केले. या कादंबरीवरील त्यांचा चित्रपट अखेर १९८४ मध्ये पडद्यावर आला.

१९४९ मध्ये फ्रेंच दिग्दर्शक जाँ रेन्वार ‘द रिव्हर’ या चित्रपटासाठी कलकत्त्यात आले. स्थळे शोधण्याच्या त्यांच्या भटकंतीत राय सोबत असत. नामवंत कलावंत एखाद्या दृश्यातून नेमके काय टिपतो, हे त्यांना जवळून पाहता आले. १९५० मध्ये कंपनीने त्यांना लंडनला पाठविले. सुमारे पाच महिन्यांच्या त्या मुक्कामात त्यांनी शंभराच्या आसपास चित्रपट पाहिले. त्यांतील व्हित्तोरिओ दे सिका यांच्या ‘बायसिकल थीव्हज’ने त्यांचा निर्णय पक्का केला. प्रत्यक्ष स्थळी, नवख्या कलाकारांना घेऊन चित्रपट करता येतो, याचा पुरावाच त्यांना मिळाला होता.

विभूतिभूषण बंद्योपाध्याय यांच्या कादंबरीवरील ‘पथेर पांचाली’चे चित्रीकरण ऑक्टोबर १९५२ मध्ये सुरू झाले. छायालेखक सुब्रत मित्र यांनी यापूर्वी चलच्चित्राचा कॅमेरा हाताळलेला नव्हता. पूर्ण पटकथेऐवजी राय यांच्याकडे रेखाटने आणि टिपणे होती. आठवड्याने पुन्हा त्याच जागी गेले, तर काशगवत गुरांनी खाऊन टाकलेले. उरलेले दृश्य पुढच्या हंगामात घ्यावे लागले. पैशांअभावी काम वारंवार थांबले. अखेर पश्चिम बंगाल सरकारच्या साहाय्याने चित्रपट पूर्ण होऊन १९५५ मध्ये प्रदर्शित झाला.

अंधारात केलेल्या टिपणांचे फळ या चित्रपटात दिसते. परगावाहून परतलेला हरिहर मुलांसाठी आणलेल्या वस्तू दाखवू लागतो. दुर्गा या जगात नाही, हे त्याला ठाऊक नसते. मुलीसाठी आणलेली साडी हाती येताच सर्वजयाचा बांध फुटतो. तिचा हंबरडा मात्र प्रेक्षकाला ऐकू येत नाही. त्या जागी तारशहनाईचे चढे स्वर उमटतात. आवाज काढून घेतल्याने शोक अधिक गहिरा कसा होतो, हे या प्रसंगातून शिकता येते.

१९६४ च्या ‘चारुलता’चा आरंभही असाच अभ्यासण्याजोगा आहे. एकाकी गृहिणी दुर्बीण घेऊन एका खिडकीतून दुसऱ्या खिडकीकडे जाते आणि रस्त्यावरील लोक न्याहाळते. पुस्तकात गढलेला पती तिच्या शेजारून निघून जातो. मग ती त्यालाही दुर्बिणीतूनच पाहते. जवळजवळ एकही शब्द न उच्चारता दोघांमधील अंतर सांगून होते. रवींद्रनाथांच्या मूळ कथेत केलेल्या बदलांवर आक्षेप घेतले गेले, तेव्हा राय यांनी प्रत्येक बदलामागील कारण लेखाद्वारे विशद केले. जी चिकित्सा ते इतरांच्या चित्रपटांची करीत, तिला स्वतःच्या कलाकृतीसह सामोरे जाणे त्यांनी टाळले नाही.

जाणता प्रेक्षक घडविण्याचे कार्य त्यांनी कीर्ती लाभल्यानंतरही सोडले नाही. १९५९ मध्ये भारतातील फिल्म सोसायट्यांचा महासंघ स्थापन झाला. राय त्याचे अध्यक्ष होते, तर चिदानंद दासगुप्ता आणि मुंबईत जन्मलेल्या विजया मुळे संयुक्त चिटणीस होत्या. १९७६ मध्ये राय यांचा ‘अवर फिल्म्स, देअर फिल्म्स’ हा लेखसंग्रह प्रसिद्ध झाला. समकालीन भारतीय दिग्दर्शकांच्या चित्रपटांचे परखड परीक्षण त्यात आढळते.

१९९२ मध्ये त्यांना ‘भारतरत्न’ किताब देण्यात आला. त्याच वर्षी जीवनगौरवाचा ऑस्कर पुरस्कार त्यांनी रुग्णशय्येवरून स्वीकारला. २३ एप्रिल १९९२ रोजी कोलकात्यात त्यांचे निधन झाले.

पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये प्राध्यापक सतीश बहादूर यांनी ‘पथेर पांचाली’ची दृश्यागणिक उकल करून विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्यांना चित्रपट रसास्वादाचे धडे दिले. कलकत्त्यातील त्या तरुणाने परक्या चित्रपटांबाबत जे केले होते, तेच ते विद्यार्थी आता त्याच्या चित्रपटाबाबत करीत होते : दृश्य थांबवून, पुन्हा पाहून, ते तसेच का घेतले असावे याचा शोध.