मुक्ता साळवे

पेशवाई संपून ३७ वर्षे झाली होती, तरी अस्पृश्याने अक्षर शिकावे हे पुण्यातील पुष्कळांस अजून रुचत नव्हते. अशा काळी आपल्या मातंग समाजातील मुक्ता साळवे ही मुलगी जोतीराव व सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकली आणि अवघ्या चौदाव्या वर्षी तिने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. तो १८५५ साली ‘ज्ञानोदया’च्या दोन अंकांत प्रसिद्ध झाला.

आम्हांस थोर वाटते ते तिचे धैर्य. तिने कोणापुढे दयेची याचना केली नाही. वेदांवर अधिकार केवळ ब्राह्मणांचा, तर धर्मग्रंथ नसलेल्या आपल्या लोकांचा धर्म कोणता, असे तिने प्रत्यक्ष देवासच विचारले. पेशवाईतील छळ आणि निवाऱ्यावाचून बाळंत होणाऱ्या स्त्रियांचे हाल तिने निर्भीडपणे मांडले. शेवटी आपल्या बांधवांस विद्या शिकण्याचा आग्रह केला.

पाठ घोकून म्हणणे म्हणजेच शिक्षण, असे समजणाऱ्या पालकांनी हे चरित्र मुलामुलींस अवश्य सांगावे. शाळेत शिकलेले अक्षर मुक्ताने आपल्या घरच्या दुःखासाठी वापरले. तिचे स्मरण आम्ही करतो ते याचसाठी.