सन्मानाआधीची ६५ वर्षे



महर्षी धोंडो केशव कर्वे आपल्याच रत्नागिरी जिल्ह्याचे. जन्म १८५८ साली शेरवलीत, बालपण मुरुडला. पहिल्या पत्नीच्या निधनानंतर १८९३ मध्ये त्यांनी देवरुखच्या गोदूबाई या विधवेशी विवाह केला. गोदूबाई पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या. या विवाहामुळे मुरुडकरांनी अण्णांना वाळीत टाकले. अण्णा डगमगले नाहीत. १८९६ मध्ये त्यांनी विधवांसाठी आश्रम काढला, १९१६ मध्ये महिला विद्यापीठ. १९५८ साली, शंभरी गाठल्यावर, सरकारने त्यांना भारतरत्न दिले.

बहिष्कारापासून सन्मानापर्यंत ६५ वर्षे गेली. सेवा मात्र थांबली नाही. विधवांचा समाचार घ्यावा, हे संत याकोबानेही शिकवले आहे. आपल्या धर्मग्रामात एकट्या पडलेल्या भगिनीच्या घरी या आठवड्यात आपण जाऊ या.