पाळक आणि कवी : रेव्हरंड ना. वा. टिळक

मराठी वाचक रेव्हरंड नारायण वामन टिळक यांना फुलांचे आणि मुलांचे कवी म्हणून ओळखतो. शालेय वयात वाचलेल्या त्यांच्या कविता अनेकांच्या स्मरणात असतात. टिळक कवी होते, तसेच ते ख्रिस्ती धर्मोपदेशकही होते, आणि धर्मोपदेशकाला पडणारे अवघड प्रश्न त्यांनाही पडले. धर्म बदलला म्हणजे आपली भाषा, आपले संगीत आणि आपला देश यांच्याशी असलेले नातेही बदलावे काय? ज्या संस्थेकडून वेतन घ्यावयाचे, तिला न पटणारी गोष्ट मोकळेपणाने सांगता येते काय? मंडळीत कोणाला सामावून घ्यावे आणि कोणाला दाराबाहेर ठेवावे? या प्रश्नांची उत्तरे टिळकांनी आपल्या आचरणातून दिली आणि त्या उत्तरांची किंमतही मोजली.

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे एका चित्पावन ब्राह्मण कुटुंबात झाला. भक्तिकाव्याची गोडी त्यांना आई जानकीबाई यांच्याकडून लाभली. पण आईचे छत्र लहानपणीच हरपले. पुढे नाशिकला राहून त्यांनी संस्कृतचा अभ्यास केला. १८८० साली नाशिकजवळच्या जलालपूर येथील गोखले घराण्यातील मनकर्णिका हिच्याशी त्यांचा विवाह झाला. याच पुढे मराठी साहित्यात अजरामर झालेल्या लक्ष्मीबाई टिळक होत.

टिळकांचा स्वभाव अस्वस्थ आणि चिंतनशील होता. एका गावी, एका नोकरीत ते फार काळ रमत नसत. देशाची उन्नती व्हावी ही त्यांची तळमळ होती आणि जातिभेद हा त्या उन्नतीच्या मार्गातील मोठा अडसर आहे, असे त्यांचे मत बनले होते. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला आगगाडीने जात असताना एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना बायबलमधील 'नवा करार' वाचावयास दिला. त्यातील येशूच्या डोंगरावरील प्रवचनाने त्यांचे मन भारून गेले. दीर्घ विचारानंतर १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबई येथे बाप्तिस्मा घेतला.

हा निर्णय एकट्या टिळकांचा होता. पण त्याचे परिणाम साऱ्या घराला भोगावे लागले. आप्तांनी त्यांच्याशी संबंध तोडले. लक्ष्मीबाई लहानग्या दत्तूला घेऊन माहेरच्या माणसांच्या आधाराने राहू लागल्या. त्या काळी धर्मांतर केलेल्या माणसाच्या पत्नीची स्थिती मोठी चमत्कारिक होत असे. पती हयात असूनही संसार मोडलेला, आणि समाजाच्या नजरेत दया व संशय यांचे मिश्रण! टिळकांपुढेही पेच होता. ज्या श्रद्धेने आपल्याला शांती दिली, तिच्यामुळेच पत्नीच्या जीवनातील शांती नाहीशी झाली, हे त्यांना दिसत होते.

काही वर्षांच्या ताटातुटीनंतर लक्ष्मीबाई पतीकडे परतल्या, तरी त्यांनी आपला धर्म सोडला नव्हता. आपले सोवळे सांभाळत त्या पतीच्या घरी राहू लागल्या. टिळकांनी त्यांच्यावर धर्मांतराची सक्ती केली नाही. जातिभेद हा देवाने निर्माण केला की माणसाने, याचा विचार लक्ष्मीबाईंनी स्वतः केला आणि तो माणसाने केला आहे, या निष्कर्षाला त्या स्वतःच पोहोचल्या. १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. 'स्मृतिचित्रे' या आपल्या आत्मचरित्रात त्यांनी हा सारा प्रवास विलक्षण प्रांजळपणे आणि विनोदबुद्धीने सांगितला आहे.

टिळकांचे कार्यक्षेत्र मुख्यतः अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, हे होते. तेथे अमेरिकन मराठी मिशनचे काम १८३१ पासून चालू होते. टिळकांनी तेथील धर्मशिक्षणाच्या शाळेत अध्यापन केले आणि १९०४ साली त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. पाळक म्हणजे मंडळीची उपासना चालवणारा आणि तिच्या सुखदुःखात पाठीशी उभा राहणारा धर्मसेवक. नगर जिल्ह्यातील मंडळींमध्ये महार, मांग अशा तत्कालीन अस्पृश्य मानलेल्या जातींतून आलेले लोक मोठ्या संख्येने होते. ब्राह्मण घरात वाढलेले टिळक त्यांच्यात मिसळले. एकाच देवाची लेकरे म्हणून जगावयाचे, तर बसण्या-उठण्यात आणि खाण्या-पिण्यात भेद ठेवता येणार नाही, ही त्यांची धारणा होती.

उपासनेत मात्र त्यांना एक उणीव जाणवत होती. चर्चमध्ये इंग्रजी गीतांची भाषांतरे पाश्चात्त्य चालींवर गाइली जात. खेड्यातील माणसाच्या कानाला ते सूर परके वाटत. टिळकांवर तुकारामांच्या अभंगांचा खोल संस्कार होता. त्यांनी ख्रिस्तभक्ती अभंगांत, भजनांत आणि कीर्तनांत आणली. टाळ-मृदंगाच्या साथीने ख्रिस्ती कीर्तने होऊ लागली. काहींना ही पद्धत जुन्या धर्माकडे परत नेणारी वाटे. आपण जे सोडून आलो, तेच पुन्हा मंडळीत कशाला, ही त्यांची शंका प्रामाणिक होती. पण देवाचे नाव घेण्यासाठी माणसाने आपल्या मातृभाषेचा सूर टाकण्याचे कारण नाही, हे टिळकांच्या गीतांनी दाखवून दिले. त्यांची शंभराहून अधिक गीते मराठी ख्रिस्ती उपासनेत रूढ झाली आणि ती आजही गाइली जातात.

दुसरा प्रश्न वेतनाचा होता. मिशनचा पैसा अमेरिकेतील ख्रिस्ती लोकांच्या देणग्यांतून येत असे. खेड्यातील मंडळी गरीब असल्यामुळे पाळकाचा संसार चालवणे त्यांच्या आवाक्याबाहेर होते. त्यामुळे मिशनचे साहाय्य घेणे ही मोठी व्यावहारिक गरज होती. परंतु वेतन देणाऱ्याच्या हाती निर्णयही राहतात आणि घेणाऱ्याला परावलंबनाची सवय जडते, हे टिळकांना सलत होते. भारतीय ख्रिस्ती समाजाचे नेतृत्व भारतीयांनीच करावे, असे त्यांचे आग्रहाचे मत होते. १९१२ पासून त्यांनी 'ज्ञानोदय' या नियतकालिकाचा मराठी विभाग सांभाळला. लिहिण्याचे व्यासपीठ होते, मान होता, निश्चित उत्पन्न होते. तरीही आपण सांगतो एक आणि जगतो दुसरेच, ही बोचणी त्यांना स्वस्थ बसू देईना.

अखेर १९१७ साली, बावीस वर्षांच्या सेवेनंतर, टिळकांनी मिशनची नोकरी सोडली. त्यांचे वय तेव्हा पंचावन्न वर्षांचे होते. संसार चालवणाऱ्याने या वयात निश्चित वेतनावर पाणी सोडणे ही साधी गोष्ट नव्हती. ते साताऱ्यास गेले आणि तेथे त्यांनी 'देवाचा दरबार' ही संकल्पना मांडली. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा सर्व ख्रिस्तभक्तांचा हा बंधुसंघ असावा, असे त्यांचे स्वप्न होते. ख्रिस्तावर प्रेम असूनही घरदार आणि जातगोत तुटेल या भीतीने बाप्तिस्मा न घेणारी माणसे त्यांना ठाऊक होती. ताटातुटीचे दुःख त्यांनी स्वतःच्या घरात पाहिले होते. अशा माणसांना दाराबाहेर ठेवणे त्यांना पटेना. मात्र, बाप्तिस्म्यासाठी सर्वस्व गमावलेल्यांनी त्या विधीचे मोल काय समजावे, हा प्रश्नही तितकाच खरा होता. त्याचे सर्वांना पटेल असे उत्तर देण्यास टिळकांना पुरेसा अवधी मिळाला नाही. ९ मे १९१९ रोजी मुंबई येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या पश्चात दरबाराचे कार्य फार काळ टिकले नाही.

टिळकांनी 'ख्रिस्तायन' हे येशूच्या जीवनावरील महाकाव्य हाती घेतले होते. त्याचे सुरुवातीचे काही अध्यायच त्यांच्या हातून लिहून झाले. शालेय शिक्षण न मिळालेल्या लक्ष्मीबाईंनी पुढे साठाहून अधिक अध्याय रचले. १९३६ साली त्यांचेही निधन झाले आणि १९३८ साली हे काव्य प्रसिद्ध झाले. ज्या श्रद्धेमुळे एके काळी हा संसार दुभंगला होता, त्याच श्रद्धेचे काव्य पत्नीने पतीच्या मागे पुढे नेले.

टिळकांचे सर्व निर्णय सर्वांना पटले नाहीत. काही निर्णयांनी त्यांच्या माणसांना दुःखही झाले. परंतु मनाला जे सत्य वाटले, त्याप्रमाणे वागण्यासाठी त्यांनी आधी आप्तांची माया आणि नंतर हातची भाकरी दूर सारली. विचार आणि आचार यांतील अंतर कमी करण्याची ही धडपड हेच त्यांच्या जीवनाचे सार होय.