नामदार गोखल्यांचे अंकगणित

निवडणुका आल्या की आपल्याकडे वक्तृत्वाचा हंगाम सुरू होतो. कोणाची सभा किती भरली, कोणत्या वाक्याला टाळ्या पडल्या, दूरचित्रवाणीवरील वादात कोणी कोणाला निरुत्तर केले, याची चर्चा सुशिक्षितांच्या दिवाणखान्यात मतदानाच्या दिवसापर्यंत रंगते. बोलणाऱ्याने दिलेला आकडा खरा होता काय, आणि खोटा ठरल्यावर त्याने तो परत घेतला काय, ही पृच्छा मात्र सहसा कोणी करीत नाही. अशा दिवसांत आम्हांला नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांचे चरित्र पुन्हा उघडावेसे वाटते. ज्या सभागृहात एकही मत फिरण्याची आशा नव्हती, तेथे हा गृहस्थ वर्षानुवर्षे पुरी तयारी करून बोलत राहिला.

रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक या गावी ९ मे १८६६ रोजी त्यांचा जन्म झाला. घरची गरिबी. १८७९ साली वडील वारले, तेव्हा थोरले बंधू गोविंदराव यांनी स्वतःचे शिक्षण सोडून नोकरी धरली आणि धाकट्याला शिकविले. १८८४ मध्ये बी. ए. होऊन गोपाळराव पुण्यास आले व न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षक झाले. पुढे फर्ग्युसन कॉलेजात इंग्रजी, गणित, इतिहास, अर्थशास्त्र असे जे पुढ्यात आले ते त्यांनी शिकविले. त्यांनी लिहिलेले अंकगणिताचे पुस्तक अनेक वर्षे शाळांतून चालले. आम्हीही एके काळी मास्तरकी केली आहे, म्हणून हे ठाऊक आहे की गणिताच्या मास्तराला एक सवय जडते: उत्तर बरोबर आले तरी रीत दाखविल्यावाचून तो पुरे गुण देत नाही. गोखल्यांची ही सवय सुटली नाही.

या सवयीला वळण दिले न्यायमूर्ती रानड्यांनी. सरकारी अहवाल, जमाखर्चाची पत्रके, जमीनमहसुलाचे तक्ते अशा रुक्ष कागदांत लोकांचे दुःख कोठे दडलेले असते हे शोधण्याची तालीम त्यांनी या तरुणाकडून करून घेतली. सार्वजनिक सभेचे त्रैमासिक ही त्या तालमीची जागा होती. तिचे फळ १८९७ साली दिसले. हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यासाठी गोखले विलायतेस गेले, आणि तिशीतल्या या प्राध्यापकाने तेथील मुरब्बी अधिकाऱ्यांच्या उलटतपासणीला समर्थपणे तोंड दिले.

पण त्याच वर्षी त्यांच्यावर मोठा प्रसंग ओढवला. पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तासाठी नेमलेल्या सोजिरांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याची पत्रे त्यांना विलायतेत मिळाली आणि त्यांनी ती हकीकत तेथे जाहीर केली. परत आल्यावर पुरावा मागण्यात आला. पत्रे लिहिणारे पुढे येईनात. गोखल्यांनी त्यांची नावे उघड केली नाहीत. आरोप सिद्ध करता येत नाही असे पाहून त्यांनी जाहीरपणे बिनशर्त माफी मागितली. या माफीबद्दल स्वकीयांनी त्यांना भित्रे म्हटले, आणि तो डाग पुढे बराच काळ त्यांना चिकटून राहिला. माफीची भाषा अधिक बेताची असावयास हवी होती, असे मानणारे आजही आहेत. त्यात तथ्य असेलही. परंतु जे सिद्ध करता येत नाही ते मागे घ्यावे, या नियमाची किंमत त्यांनी स्वतः मोजली. आमच्या मते त्यांच्या पुढील भाषणांना जे वजन आले, त्याचा एक भाग येथून आला.

१९०१ मध्ये मुंबई कायदेमंडळाच्या बिनसरकारी सभासदांनी त्यांना वरिष्ठ कायदेमंडळावर निवडून दिले. लॉर्ड कर्झन तेव्हा व्हाइसरॉय होते. मंडळात सरकारी सभासदांचे बहुमत ठरलेले, आणि अंदाजपत्रकावर मतदानच नाही; वर्षातून एकदा बोलावयाचे आणि खाली बसावयाचे. २६ मार्च १९०२ रोजी गोखल्यांचे पहिले अंदाजपत्रकी भाषण झाले. सरकारी तिजोरीत मोठी शिल्लक पडली म्हणून अर्थखाते समाधानात होते. देश नुकताच भयंकर दुष्काळातून बाहेर पडत होता. ही शिल्लक भरभराटीची नसून जरुरीपेक्षा अधिक कर वसूल केल्याची खूण आहे, रुपयाचा भाव कृत्रिम रीतीने वर ठेवल्याने ती दिसते आहे, हे त्यांनी सरकारच्याच आकड्यांनी दाखवून दिले. मीठ हे गरिबाच्या ताटातले. त्यावरचा कर कमी करा, हा त्यांचा आग्रह होता. त्या वेळी हा कर मणामागे अडीच रुपये होता. १९०३ साली तो दोन रुपये झाला, १९०५ साली दीड आणि १९०७ साली एक. प्राप्तिकराची माफीमर्यादाही १९०३ मध्ये पाचशेवरून हजार रुपयांवर गेली. सारे श्रेय एकट्या गोखल्यांचे म्हणणे त्यांनाच रुचले नसते, तथापि मतांवाचून झालेले हे काम आहे.

या भाषणांमागे आणखी एक मास्तर उभे होते, आणि त्यांचे नाव आज फारसे कोणाच्या तोंडी नाही. गणेश व्यंकटेश जोशी हे सरकारी शाळेत हेडमास्तर होते. महसूल, लष्करी खर्च, चलन यांचे आकडे ते जुळवीत आणि गोखल्यांना पत्रांतून कळवीत. कलकत्त्याच्या त्या भव्य दालनात जे घुमले, त्यातले पुष्कळसे महाराष्ट्रातल्या एका शाळामास्तराच्या टेबलावर आधी मांडले गेले होते.

येथे एक प्रचलित समज दुरुस्त करणे जरूर आहे. गोखले म्हणजे आशय आणि टिळक म्हणजे आवेश, अशी वाटणी आपल्याकडे सोयीसाठी केली जाते. ती दोघांवरही अन्याय करते. १८९६ च्या दुष्काळात सरकारी दुष्काळसंहितेत रयतेला कोणते हक्क दिले आहेत, सारामाफी केव्हा मागता येते, हे टिळकांनी ‘केसरी’तून आणि सार्वजनिक सभेच्या माणसांकरवी खेड्यापाड्यांत मराठीत समजावून दिले. कलमे सरकारचीच होती, पण ती शेतकऱ्याच्या बोलीत त्याच्या दारापर्यंत गेली. गोखल्यांचे सर्वोत्तम काम इंग्रजीत झाले आणि त्यांना निवडून देणारे मतदार बोटांवर मोजता येण्याजोगे होते. कोट्यवधींना उद्देशून बोलण्याची वेळच त्यांच्यावर आली नाही. ही त्यांची उणीव होती की काळाची, यावर वाद होऊ शकतो. ती उणीव होती यावर होऊ नये. आज मतदार कोट्यवधी आहेत, मराठीत बोलण्यास कोणाची बंदी नाही, अंदाजपत्रक ज्याला हवे त्याला पाहावयास मिळते. टिळकांची भाषा आणि गोखल्यांची वही एकाच उमेदवाराच्या हाती असण्यास काय हरकत आहे, हे आम्हांला कळत नाही.

बोलण्याआधी शिकावे, हा त्यांचा दंडक इतरांनाही लागू होता. १९०५ साली स्थापन केलेल्या भारत सेवक समाजात नव्या सभासदाला पाच वर्षांची उमेदवारी असे. गांधीजी जानेवारी १९१५ मध्ये आफ्रिकेतून परतले, तेव्हा वर्षभर देश हिंडून पाहावा, सार्वजनिक प्रश्नांवर मत देऊ नये, असे गोखल्यांनी त्यांच्याकडून कबूल करून घेतले आणि गांधीजींनी ते पाळले.

शेवटची मोठी झुंज प्राथमिक शिक्षणाची. १६ मार्च १९११ रोजी त्यांनी विधेयक मांडले. सहा ते दहा वर्षांच्या मुलांना शिक्षण सक्तीचे करण्याची मुभा स्थानिक संस्थांना असावी, तीही सरकारच्या संमतीने. महिना दहा रुपयांहून कमी मिळकत असणाऱ्या पालकाला फी नसावी. मागणी इतकी बेताची, की जहालांना ती मिळमिळीत वाटावी. बडोद्यात सयाजीराव महाराजांनी हे आधीच करून दाखविले होते आणि गोखल्यांनी तो दाखला पुढे ठेवला. तरी सरकारने पैशाची अडचण सांगितली, आणि हिंदी सभासदांतले काही बडे जमीनदारही विरोधात गेले. १९ मार्च १९१२ रोजी विधेयक १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. १९११ च्या खानेसुमारीत देशातील शंभरांपैकी सहा माणसांनाही लिहितावाचता येत नव्हते. ज्यांच्या मुलांसाठी हा झगडा चालला होता, त्यांच्यापर्यंत त्याची बातमी पोचण्याचाच मार्ग नव्हता.

मधुमेहाने पोखरलेले त्यांचे शरीर १९ फेब्रुवारी १९१५ रोजी पुण्यात विसावले. वय अठ्ठेचाळीस. दाहकर्माच्या वेळी टिळकांनी त्यांचा गौरव केला. १९१८ मध्ये विठ्ठलभाई पटेलांच्या प्रयत्नाने मुंबई इलाख्यातील नगरपालिकांना सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार मिळाला. सबंध देशात सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलामुलीला मोफत शिक्षणाचा हक्क देणारा कायदा १ एप्रिल २०१० रोजी अमलात आला. गोखल्यांनी आपले विधेयक मांडले त्याला तेव्हा नव्याण्णव वर्षे झाली होती.